सुईएवढी रेघ

मगांगेच्या दुकानात एवेलियोनं कापड ओढलं
तेव्हा यंत्र नवरदेवासारखं उभं होतं.
निळा रंग, पितळी चकती, दोन वर्षांची हमी.
"हात तर लावून बघ, ओतिलिया."
मी हात लावला नाही. गुडघ्यावर बसले,
दोन्ही रूळ जवळजवळ टेकवले
आणि फटीतून रस्त्याकडे पाहिलं.
डावीकडे उजेड होता.
उजवीकडे नव्हता.

एवढंच बघायचं असतं.
तिरक्या फटीतून पत्रा नदीसारखा वळत निघतो,
आणि माझं काम जाळीचं:
दोन तारांना पीळ द्यायचा, चपटं करायचं,
त्या धाग्याची पानं, वेल, माशाचे खवले.
इतक्या बारीक तारेत
रुळाची चूक लपत नाही.
"स्क्रू फिरवला की जमतं," एवेलियो म्हणाला.
जमतं. सोमवारी जमतं.
गुरुवारी पुन्हा मांडीवर घेऊन बसायचं.

संध्याकाळच्या होडीनं मोंपोसला परतले.
दारोदारी झुलत्या खुर्च्या बाहेर आल्या होत्या.
दोन्या एर्मिंदा तिच्या खुर्चीतून उठली, वाटेत
एकदा भिंतीला धरलं, आणि मागच्या खोलीत
निकानोरच्या यंत्रावरची चादर काढली.

ओतीव लोखंडाचं धूड. मूळचा रंग
आता कुणालाच आठवत नाही.
दांडा मधोमध बारीक झालेला, तळव्यानं खाल्लेला.
दात्यांना ताजं तेल.
"रोज घालते," ती म्हणाली. "कशाला, ते विचारू नकोस."
दांडा फिरवला. खडखड नाही, पोकळ झोल नाही;
हात थांबला तिथे रूळ थांबले.
सिगारेटच्या कागदाचे दोन तुकडे
दोन टोकांना धरून आवळत गेले.
दोन्ही एकदमच अडकले.
मला भीतीच वाटली. स्वस्तात इतकं चांगलं मिळत नसतं.

मग चांदीची पट्टी. तापवली, विझवली, कोरडी केली;
ओली पट्टी घालणाऱ्याला निकानोर
दाराबाहेर उभं करायचा, मीही उभी राहिलेय.
एक फेरा. दुसरा.
पट्टी सरळ आली, लांब,
दर फेऱ्याला जास्त हट्टी.
आणि कडेपासून बोटभर आत
तिच्या अंगावर उठलेली एक रेघ.
सुईएवढी. मग कोरं.
मग पुन्हा सुईएवढी.

रुळावर नख फिरवलं. अडकलं.
"कुणी पोलाद घातलं यात?"
"मी," दोन्या एर्मिंदा म्हणाली.
"लग्नाचं पहिलं वर्ष. तो तीन दिवस
माझ्याशी बोलला नव्हता, यंत्राशी बोलत होता.
शिवणाची सुई घेतली आणि दिली ढकलून."
"मग?"
"मग काय. चौथ्या दिवशी बोलला.
म्हणाला, भात खारट झालाय."

गळ्यातलं बारशाचं पदक मी उलटं केलं,
त्याच्याच हातचं, याच रुळातून गेलेलं.
पाठ दिव्यापाशी नेली. जीभ लावून पाहिली.
गुळगुळीत.
एकेचाळीस वर्षं, प्रत्येक पत्रा
त्यानं कानशीनं, मग कागदानं, मग राखेनं
घासला होता; रूळ बारांकियाला पाठवून
एकदाच घासून आणला असता तर...
"मी म्हटलं होतं," ती म्हणाली.
"म्हणायचा, वेळ कुठाय."

मी भाव केला. रेघेचे पैसे कापले,
रूळ घासायचे कापले, होडीचं भाडं कापलं.
तिनं मान डोलावली, मोजून घेतले,
एक नोट फाटकी होती ती बदलून मागितली.

पहाटे चौघांनी दोराला बांबू घालून
यंत्र धक्क्यावर आणलं.
घासणाऱ्याला काय सांगायचं ते मी ठरवत होते:
नख अडकणार नाही इतकं काढ,
त्याहून केसभरही नको, पोलादाचं कडक कातडं जाईल.
"पूर्ण जाईल का ती?" दोन्या एर्मिंदानं विचारलं.
"जाईल."
"बरं."
तेलाची कुपी तिच्या हातात होती.
मला वाटलं, द्यायला आणलीय.
होडी सुटेपर्यंत मी हात पुढे करून होते.